हुसेन यांची 'जमीन' आणि परीक्षकांची सही

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षातली, म्हणजे २०२२ च्या ऑगस्टमधली गोष्ट. टाकवे बुद्रुकच्या परिसरातील एका शाळेत चित्रकला स्पर्धा होती. विषय होता 'आपला देश, आपली लोकशाही'. तिघा परीक्षकांत एक मी. चित्रकलेशी माझा संबंध पाहण्यापुरता आणि थोडेफार लिहिण्यापुरता. पण गावात 'लिहिणारा माणूस' असे एकदा नाव पडले की रांगोळीपासून वक्तृत्वापर्यंत सगळीकडे परीक्षक म्हणून बसावे लागते. कागदांवर मुलांची नावे नव्हती, मागच्या बाजूला फक्त क्रमांक होते. बहुतेक चित्रे अपेक्षेप्रमाणे होती. तिरंगा, लाल किल्ला, संसद, नकाशात उभी असलेली भारतमाता, मतपेटी, हात जोडलेले नेते. एका कागदावर मात्र भातलावणी होती. चिखलात ओणव्या झालेल्या बायका, त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, बांधावर जेवणाचे डबे, आणि मागे रस्त्यावर कामगारांना नेणारी कंपनीची बस.

गुणपत्रिकेत चार रकाने होते. रेखाटन, रंगकाम, स्वच्छता आणि विषयानुरूपता. पहिल्या तीन रकान्यांत या चित्राला चांगले गुण पडले. चौथ्यात शून्य. "सर, चित्र छान आहे, पण विषयाला धरून नाही," असे शेजारचे परीक्षक म्हणाले आणि मीही मान हलवली. निकालपत्रावर सही केली. चहा घेतला. घरी आल्यावर एका जुन्या पुस्तकात मकबूल फिदा हुसेन यांच्या 'जमीन' या चित्राची पट्टी समोर आली आणि मला माझी सही आठवली. हा लेख त्या सहीमुळे लिहिला जात आहे. पण लेख त्या शाळेविषयी नाही. तो १९५५ साली दिल्लीत भरलेल्या एका प्रदर्शनाविषयी आहे आणि त्या प्रदर्शनाने ज्या चित्राला पहिला मान दिला, त्या चित्राविषयी आहे.

मौलाना अबुल कलाम आझाद शिक्षणमंत्री असताना, ५ ऑगस्ट १९५४ रोजी, ललित कला अकादमीची स्थापना झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले होते. सरकारने पैसा द्यावा, पण कोणते चित्र चांगले हे कलावंतांनी आणि जाणकारांनी ठरवावे, अशी या संस्थांमागची कल्पना होती. ती किती पाळली गेली हा वेगळा विषय आहे. १९५५ मध्ये अकादमीने पहिले राष्ट्रीय कला प्रदर्शन भरवले. देशभरातून चित्रे आली, परीक्षकांनी निवडली, आणि चाळिशीच्या हुसेन यांच्या 'जमीन'ला पारितोषिक मिळाले. आज ते चित्र राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मालकीचे आहे.

या प्रदर्शनाचा विषय म्हणजे त्याच्या नावातला 'राष्ट्रीय' हा शब्द. स्वातंत्र्याला आठ वर्षे झाली होती, प्रजासत्ताकाला पाच. पहिली सार्वत्रिक निवडणूक होऊन तीन वर्षे उलटली होती. देश म्हणजे काय, याचे उत्तर अजून रोज नव्याने दिले जात होते. त्याच वर्षी राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबई कोणाची यावरून नोव्हेंबरात मुंबईच्या रस्त्यावर रक्त सांडले. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात शाहीर अमर शेख यांचा आवाज मैदाने भरून टाकत होता. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म १९१६ चा, बार्शीचा. चित्रकार हुसेन यांचा जन्म १९१५ चा, पंढरपूरचा. एकाच सोलापूर जिल्ह्यात, वर्षभराच्या अंतराने जन्मलेले हे दोन हुसेन. एकाने गिरणी कामगारांच्या सभांतून हाक दिली, दुसऱ्याने सिनेमाच्या फलकांवर रंग ओतला. आपल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवातही १९९० मध्ये सोलापुरातच झाली. योगायोग म्हणून सोडून द्यावे, तरी मला हे एकत्र आठवल्याशिवाय राहत नाही.

चित्राकडे येतो. 'जमीन' सुमारे अठरा फूट लांब आणि जेमतेम तीन फूट उंच आहे. पुस्तकात छापताना त्याची बोटभर रुंदीची पट्टी होते आणि चित्र जवळजवळ मरते. कारण हे चित्र एका नजरेत घ्यायचे नाही, त्याच्या कडेने चालत जायचे आहे. जत्रेत पट उलगडून गोष्ट सांगणारा माणूस जसा एकेका खणावर काठी ठेवतो, तसे हे खण आहेत. माणसे, बायका, जनावरे, चाक, घरातल्या नि शेतातल्या ओळखीच्या वस्तू. पण खणांमधून एक सलग कथा निघत नाही. एक खण संपला म्हणून दुसरा सुरू होतो, असे नाही. गावात जशी एकाच वेळी दहा कामे चाललेली असतात, कोणी पाणी भरते, कोणी बैल सोडतो, कोणी नुसताच बसलेला असतो, तसे हे सारे शेजारी शेजारी आहे. कोणी मध्यभागी नाही. इतिहासचित्राची जी रूढ रचना आपण शाळेपासून पाहिली आहे, मधे घोड्यावर राजा किंवा व्यासपीठावर पुढारी आणि भोवती लहान होत गेलेली गर्दी, ती इथे मोडून टाकलेली आहे. अठरा फुटांत एकही नेता नाही. झेंडा नाही. देशाचा नकाशा नाही. राष्ट्रीय प्रदर्शनात असे चित्र पाठवणे हेच मुळात धाडस, आणि त्याला बक्षीस देणे हे परीक्षकांचे धाडस.

रेषेविषयी थोडे सांगावे लागेल. हुसेन यांनी लहानपणी मदरशात खुशखत गिरवले होते. बोरूच्या टोकाला वळण देताना हात कुठे दाबायचा आणि कुठे उचलायचा, हे ज्याने एकदा शिकून घेतले त्याची रेषा पुढे जन्मभर ओळखू येते. 'जमीन'मधल्या आकृत्यांभोवतीची काळी, जाडसर, थांबत थांबत जाणारी रेषा मला त्या शिक्षणाची वाटते. वर सिनेमाच्या फलकांची सवय. चाळीस फुटी फलकावर चेहरा रंगवणाऱ्याला बारकावे सांडून मुख्य आकार पकडावा लागतो, कारण पाहणारा ट्रामच्या खिडकीतून पाहत असतो. आणि तिसरी गोष्ट खेळण्यांची. १९४१ पासून काही वर्षे हुसेन मुंबईत लहान मुलांचे फर्निचर आणि लाकडी खेळणी तयार करीत होते. 'जमीन'मधली जनावरे आणि माणसे थोडी खेळण्यांसारखी ठोकळेबाज आहेत, ती तिथून आली असावीत. खत, फलक आणि खेळणे या तिन्ही गोष्टी सामान्य माणसाच्या नजरेसाठी केलेल्या. दरबारी काही नाही. पुढे त्यांच्या चित्रांत वारंवार आलेला घोडाही असाच, त्याचे मूळ त्यांनी स्वतःच मोहरमच्या मिरवणुकीतल्या दुलदुलकडे नेले आहे. आपल्याकडे गावोगाव ज्यांनी सवाऱ्या पाहिल्या आहेत, पंजापुढे नारळ फोडणारे मराठा आणि माळी शेजारी पाहिले आहेत, त्यांना हा घोडा समजावून सांगावा लागणार नाही.

१९४८ मध्ये हुसेन आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा दिल्लीला गेले आणि तिथल्या सरकारी भवनात भरलेले भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन त्यांनी पाहिले. लंडनहून परत आलेले हे प्रदर्शन म्हणजे नव्या राष्ट्राने स्वतःला दाखवलेला स्वतःचा इतिहास होता. मथुरेची शिल्पे, बसोलीची लघुचित्रे. हुसेन त्या भेटीविषयी आयुष्यभर बोलत राहिले. 'जमीन'मधल्या बायकांचा भरदार तोल मथुरेचा आहे आणि सपाट, तापलेले रंग बसोलीचे. मुंबईच्या वसाहतीत राहणारा, मदरशात खत शिकलेला सुलेमानी बोहरा घराण्यातला हा माणूस मथुरेला परका नाही, हे त्याने कुणाला विचारून ठरवले नाही. त्याने ते हाताने ठरवले. फाळणीला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्यांचे मित्र सय्यद हैदर रझा यांचे भाऊ पाकिस्तानात गेले, रझा इथे राहिले. तय्यब मेहता यांनी मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जमावाने ठार केलेला माणूस खिडकीतून पाहिला आणि ते दृश्य त्यांच्या चित्रांतून शेवटपर्यंत गेले नाही. तेव्हा 'जमीन' हा शब्द त्या काळी एका मुसलमान चित्रकाराने उच्चारणे, हे केवळ शेतीविषयी नव्हते. ही जमीन माझी आहे की नाही, हा प्रश्न आजूबाजूला उभा असताना त्याने अठरा फूट उत्तर दिले आणि त्यात 'माझी' हा शब्दही वापरला नाही.

राष्ट्रेतिहास चित्रांत मांडण्याचे काम याआधी झाले नव्हते असे नाही. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले पहिले. गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून केली. पुढे १९३८ मध्ये हरिपुऱ्यासाठी त्यांनी ढोलकरी, शिंपी, पिंजारी, कुस्तीगीर यांची चित्रे काढली. 'जमीन'ची खरी वडीलधारी मंडळी ही. पण त्याच नंदलाल यांच्या मार्गदर्शनाखाली संविधानाच्या मूळ प्रतीवर जी चित्रे आली, त्यांत इतिहास पुन्हा थोरांच्या रांगेतून चालू लागला. अकबर आहे, शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत, टिपू सुलतान आणि झाशीची राणी आहेत, दांडीचे गांधी आहेत, नोआखालीचे गांधी आहेत. मला ही पाने फार प्रिय आहेत. टिपूचे नाव आज ज्या आवाजात घेतले जाते तो ऐकल्यावर संविधानाचे ते पान उघडून दाखवावेसे वाटते. तरीही ती रांग आहे आणि रांगेत कोण उभे राहावे यावर भांडण होऊ शकते. 'जमीन'मध्ये रांगच नाही.

परीक्षक मंडळे नेहमीच इतकी शहाणी असतात असे कुणी समजू नये. पुरोगामी कलावंत गटाच्या जन्मकथेत एक प्रसंग सांगितला जातो. स्वातंत्र्याच्या सुमारास कृष्णाजी आरा यांनी स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीचे मोठे चित्र बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाला दिले आणि ते नाकारले गेले. मोटारी धुणारा, घरकाम करून जगलेला, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेला चित्रकार स्वातंत्र्याची मिरवणूक रंगवतो आणि त्याला प्रदर्शनात जागा मिळत नाही. त्या नकारातून उठलेल्या रागाने गट जमायला मदत झाली, असे म्हणतात. म्हणजे नकार कधीकधी बक्षिसाहून अधिक काम करतो. मात्र तो नकार ज्याला मिळाला त्याच्याजवळ सूझा, रझा, हुसेन असे सोबती असावे लागतात. शाळेतल्या क्रमांकाजवळ ते नसतात.

आता 'जमीन'विषयीची माझी तक्रार. या चित्राची प्रेरणा बिमल रॉय यांच्या १९५३ च्या 'दो बिघा जमीन' या सिनेमातून आली, असे सांगितले जाते. तो सिनेमा आमच्या पिढीतल्या लोकांनी कुठे ना कुठे पाहिलेला आहे. गिरणीसाठी जमीनदाराला शंभूची दोन बिघे हवी असतात. कर्ज फेडायला शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो. शेवटी जमीन जातेच. कुंपणाबाहेर उभा राहून तो मूठभर माती उचलतो आणि पहारेकरी तीही टाकायला लावतो. हुसेन यांच्या चित्रात हा शेवट नाही. सावकार नाही, कुंपण नाही, पहारेकरी नाही. सिनेमातले दुःख गाळून त्यांनी गावाचा उत्सव ठेवला. चित्र म्हणून ते समर्थ आहेच. पण प्रजासत्ताकाला ते इतके आवडले याचे एक कारण हेही असावे की त्यात भांडण नाही. नव्या राष्ट्राला आपले खेडे असेच पाहायचे होते, रंगीत, सलग, कुणाचे कुणाशी देणेघेणे बाकी नसलेले. ज्या गावात मी राहतो तिथून ही उणीव जास्त दिसते. कान्हे फाट्यावरून आत वळलात की एका बाजूला इंद्रायणी भाताची खाचरे आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या भिंती लागतात. ज्यांच्या बापाने ती खाचरे केली ते आता पाळीवर जातात, काहींना नोकरी लागली, काहींनी विकलेल्या जमिनीच्या पैशातून गाडी घेतली आणि गाडीही विकली. टाकव्यात बसून 'जमीन' पाहताना मला शंभूचा पहारेकरी आठवत राहतो.

२०११ हे वर्ष या दृष्टीने मला विसरता येत नाही. ९ जूनला हुसेन लंडनमध्ये वारले. बरोबर दोन महिन्यांनी, ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी, मावळातल्या बऊर इथे द्रुतगती मार्गावर शेतकरी जमले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेला त्यांचा विरोध होता. पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे मेले, त्यांत एक बाई होती. 'जमीन'च्या खणांत जी माणसे शांतपणे बसलेली आहेत, त्यांचीच ही नातवंडे. लोकशाहीचे चित्र काढायचे तर मावळाला बऊर टाळता येणार नाही. त्या शाळेतल्या चित्रात कंपनीची बस होती. हुसेन यांच्या चित्रात जे नाही, ते त्या मुलाने किंवा मुलीने एका कोपऱ्यात पिवळ्या खडूने काढले होते. तुलना करणे हास्यास्पद आहे हे मला कळते. तरी बस तिथे होती.

हुसेन यांच्या चाहत्यांना न आवडणारी दुसरी गोष्टही लिहितो. नेता नसलेले चित्र काढणाऱ्या याच चित्रकाराने आणीबाणी आली तेव्हा तीन भागांचे चित्र काढले आणि त्यात इंदिरा गांधींना दुर्गेच्या रूपात दाखवले. 'जमीन'मध्ये ज्याने मधली जागा रिकामी ठेवली होती, त्याने ती जागा आता सत्तेला दिली. त्याच १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. मराठी वाचकाला तेव्हाची दुर्गा विचारली तर तो कऱ्हाडचीच सांगेल. हुसेन यांना प्रतिमांचे वेड होते, आणि प्रतिमेला लागलेली सत्ता त्यांना नेहमी दिसत नसे. १९८६ ते १९९२ या काळात ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते, तिथे बसून त्यांनी रेखाटने केली. त्यांतला मिश्कीलपणा मला आवडतो. पण आणीबाणीचे ते चित्र मिश्कील नव्हते, आणि मुसलमान कलावंत म्हणून त्यांचा कैवार घेताना आपण ते लपवून ठेवू नये.

कैवार घेण्याची वेळ १९९६ पासून आली. सरस्वतीचे एक जुने रेखाटन, १९७० च्या दशकातले, एका हिंदी मासिकाने त्या वर्षी छापले आणि गदारोळ सुरू झाला. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. २००६ मध्ये नकाशाच्या आकारात स्त्रीदेह असलेले त्यांचे चित्र काश्मीरच्या भूकंपग्रस्तांसाठीच्या लिलावात 'भारतमाता' या नावाने जाहीर झाले. चित्राला हे नाव हुसेन यांनी दिले नव्हते. जागोजागी खटले झाले आणि नव्वदी ओलांडलेला माणूस देश सोडून गेला. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी त्यांच्यावरील कारवाई रद्द केली आणि या वयाच्या चित्रकाराने आपल्या घरी बसून चित्रे काढत असावे, अशा आशयाचे लिहिले. सर्वोच्च न्यायालयानेही पुढे त्यात हात घातला नाही. न्यायालयाने आपले काम केले होते. पण त्याच ऑगस्टमध्ये दिल्लीत 'इंडिया आर्ट समिट' नावाचा पहिला मोठा कला मेळावा भरला आणि आयोजकांनी हुसेन यांची चित्रे ठेवू नयेत असे गॅलऱ्यांना कळवले. भीती होती, सुरक्षेचे कारण होते, सगळे समजण्यासारखे होते. 'सहमत' या संस्थेने निषेध म्हणून त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती मांडल्या, तर त्याही फोडल्या गेल्या.

१९५५ चे परीक्षक आणि २००८ चे आयोजक यांच्यामधले अंतर मोजायला अर्धशतक पुरते. पहिल्यांनी चित्र पाहून निर्णय दिला. दुसऱ्यांनी चित्र न पाहता दिला. चित्र न लावणे हाही निकालच असतो, फक्त त्यावर कुणाची सही नसते. २०१० मध्ये हुसेन यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. २०२५ मध्ये दोह्यात त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीतल्या एका प्रदर्शनातली त्यांची दोन चित्रे तक्रारीवरून जप्त करण्याचा आदेश एका न्यायालयाने दिला. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे 'ग्रामयात्रा' हे १९५४ चे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, आधुनिक भारतीय चित्राला तोवर मिळालेली सर्वांत मोठी किंमत. 'ग्रामयात्रा' म्हणजे 'जमीन'ची थोरली बहीण, तसेच लांब, तसेच खणाखणांचे, तसेच खेड्याचे. अनेक वर्षे ती नॉर्वेतल्या एका इस्पितळाच्या भिंतीवर होती. खेड्याच्या चित्राला एवढे पैसे आणि खेड्याच्या जमिनीला केवढे, असा हिशेब आमच्याकडे चावडीवर सहज होतो. मी तो पुढे नेत नाही.

आपल्या बाजूचा हिशेब मात्र करायला हवा. एप्रिल २००४ मध्ये हुसेन यांचा 'मीनाक्षी' हा सिनेमा आला. त्यातल्या एका कव्वालीतले शब्द कुराणशरीफमधले आहेत म्हणून काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि हुसेन यांनी तो चित्रगृहांतून काढून घेतला. त्या वेळी आपल्यापैकी किती जण बोलले? मी बोललो नाही. प्रकरण 'नाजूक' आहे असे म्हणून दुसऱ्या विषयाकडे वळलो. चार वर्षांनी दिल्लीच्या आयोजकांनीही नेमका हाच शब्द वापरला असता तर मला आश्चर्य वाटले नसते. तसबीर लावावी की नाही हा आपल्या घरांत जुना प्रश्न आहे, आणि ज्याचा त्याचा अकीदा त्याच्यापाशी. पण भिंतीवर चित्र न लावणे वेगळे, आणि दुसऱ्याच्या हातातले चित्र खाली ठेवायला लावणे वेगळे.

आणि लेखक म्हणून मला यात आणखी काही दिसते. मुस्लिम मराठी लेखकाने काय लिहावे याचेही रकाने तयार आहेत. तलाक, बुरखा, दंगल, फाळणी, सलोखा. या विषयांवर लिहिले की विषयानुरूपतेचे पूर्ण गुण मिळतात, संपादक लगेच छापतात, परिसंवादाला बोलावणे येते. एखाद्या मुलाणी किंवा तांबोळी घरातल्या लेखकाने नुसत्या भातलावणीवर कथा लिहिली तर ती परत येते, सोबत सूचना असते की यात 'तुमचे' अनुभवविश्व यावे. जणू खाचरातल्या चिखलात आमचे पाय कधी रुतलेच नाहीत. हमीद दलवाई यांच्या 'इंधन'मधले कोकणातले गाव आठवावे. तिथे सारा गाव आहे, म्हणून ती कादंबरी अजून वाचली जाते. हुसेन यांनी १९५५ मध्ये 'मुसलमानाची जमीन' काढली असती तर परीक्षकांना ती लावायला एक सोयीचा कोपरा मिळाला असता. त्यांनी 'जमीन' काढली. मग तिला अठरा फुटांची भिंतच द्यावी लागली.

यंदा ऑगस्टसाठी शाळेने मला पुन्हा बोलावले आहे. विषय थोडा बदलला आहे, रकाने तेच चार आहेत. मी मुख्याध्यापकांना फोन करून म्हटले, "सर, विषयानुरूपतेचा रकाना या वेळी काढून टाकता येईल का?" ते म्हणाले, "अहो, मग मुलं काहीही काढतील." मी म्हटले, काढू द्या. थोडा वेळ फोनवर कुणीच बोलले नाही. मग त्यांनी बैठकीत ठेवतो म्हणून सांगितले. २०२२ ची ती चित्रे कुठे ठेवली आहेत तेही विचारले. कपाटात असतील, शोधायला शिपायाला सांगतो, म्हणाले. क्रमांक मला आठवत नाही. बस पिवळी होती, एवढे सांगितले आहे.